'द बॉईज' ही वेबमालिका आवडली. मूळ कॉमिक कुठून आणि कोणत्या क्रमाने वाचू?

पहिल्या अंकापासूनच वाचा. मालिका पाहिलीय म्हणून सुरुवात गाळावीशी वाटेल, पण दोन्ही गोष्टींच्या वाटा फार लवकर वेगळ्या होतात. कॉमिकात सुपरहिरोंच्या मागे लागलेल्या बुचरच्या टोळीच्या अंगातच कंपाउंड व्ही, म्हणजे अतिमानवी ताकद देणारं रसायन, असतं, त्यामुळे सुपरहिरोंशी ते हातघाईवर येतात. टोळीत नव्याने आलेला ह्यूई स्कॉटिश आहे आणि चेहरा हुबेहूब ब्रिटिश नट सायमन पेगचा. (मालिकेत ह्यूईच्या बापाचं काम पेगला मिळालं ते यामुळेच.)

लेखक गार्थ एनिस, चित्रकार मुख्यतः डॅरिक रॉबर्टसन आणि नंतर रस ब्रॉन. 2006 ते 2012 मध्ये 72 अंक निघाले. पहिले सहा डीसी कंपनीच्या वाइल्डस्टॉर्म या शाखेने काढले आणि मग कॉमिक बंद केलं. सुपरमॅन-बॅटमॅनवर पोट असलेल्या घरात हा मजकूर पचणं अवघडच होतं! पुढचं सगळं डायनामाइट या प्रकाशनाने छापलं.

क्रमाचा गोंधळ तीन लघुमालिकांमुळे होतो. बारा खंडांचा संच घेतलात तर त्या पाचव्या, आठव्या आणि दहाव्या जागी आहेतच, नंबरानुसार वाचत जा. सुटे अंक वाचणार असाल तर 30 नंतर 'हेरोगॅझम', 47 नंतर 'हायलंड लॅडी', 59 नंतर 'बुचर, बेकर, कँडलस्टिकमेकर'. यातली बुचरची अजिबात सोडू नका. तो असा का झाला हे तिच्यात कळतं, आणि ते माहीत नसेल तर अकरावा-बारावा खंड नुसती कापाकापी वाटेल. 'हेरोगॅझम' मात्र मला ओढूनताणून किळसवाणं वाटलं. उपराष्ट्राध्यक्षाचा धागा तेवढा लक्षात ठेवा.

दुसऱ्या खंडात बरेच जण कंटाळून थांबतात. तिसऱ्याच्या शेवटापर्यंत तरी तग धरा. तिथे 'द लेजंड' नावाचा म्हातारा ह्यूईला व्हॉट कंपनीचा इतिहास सांगतो: निकामी शस्त्रं सरकारच्या गळ्यात मारणारी कंपनी, ती वापरताना मेलेले सैनिक, आणि 11 सप्टेंबरला सुपरहिरोंनी घातलेला घोळ. मालिकेतल्या विमानाच्या प्रसंगाचं मूळ इथलं. एनिसने युद्धकथाही भरपूर लिहिल्यात, आणि त्याचा खरा राग केपवाल्यांपेक्षा या धंद्यावर आहे. मला सगळ्यात आवडलेला भाग तोच. चौथ्या खंडात 'एक्स-मेन'ची टर आहे, पण वाचता वाचता हसू आटतं.

लैंगिक हिंसाचार मालिकेपेक्षा जास्त आणि उघडा आहे, काही ठिकाणी विनोदासाठी वापरलेला. ते मलाही खटकतं. घरात मुलं असतील तर पुस्तकं वरच्या फळीवर ठेवा.

2020 मध्ये आठ अंकांचं 'डिअर बेकी' आलं. त्याची गोष्ट मूळ शेवटानंतर बारा वर्षांनी सुरू होते, म्हणजे कोण जगलं आणि कोण नाही हे पहिल्या काही पानांतच फुटतं. 72 वा अंक संपेपर्यंत ते उघडूही नका.