विद्यापीठातील विभागाला २० लाख रुपये एकदम द्यावेत का?

प्रश्न : मी ६६ वर्षांची, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतून २०१८ साली निवृत्त झालेली भूवैज्ञानिक आहे. १९८२ साली पुणे विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातून एम.एस्सी. केले. त्या वेळी अभ्यासदौऱ्याचे पैसे भरण्याची घरची ऐपत नव्हती. एका सरांनी ते स्वतःच्या पगारातून भरले आणि कधीही परत मागितले नाहीत. आता विभागाला २० लाख रुपये कायम ठेव म्हणून द्यावेत आणि तिच्या व्याजातून दरवर्षी गरजू मुलांचा दौरा व्हावा, अशी इच्छा आहे. निवृत्तिवेतन दरमहा ६२ हजार. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख, एका सहकारी बँकेत मुदत ठेवी २८ लाख, म्युच्युअल फंडात १४ लाख. घर स्वतःचे, खर्च विम्याच्या हप्त्यासह दरमहा ६५ हजार. यजमानांना निवृत्तिवेतन नाही, त्यांची बायपास झाली आहे. मुलगी स्वतःच्या पायावर उभी आहे.

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपण निवडलेले कारण अतिशय योग्य आहे. पुण्याच्या चहूबाजूंना दख्खनचा बेसाल्टच पसरलेला आहे. सिंहगड चढताना लाव्हाचे थर मोजता येतात, पण पट्टिताश्म (नाइस हा पट्टेदार रूपांतरित खडक) किंवा लोहखनिजाचे थर हातोड्याने फोडून, भिंगाखाली धरून पाहायचे तर सिंधुदुर्ग-गोव्याकडे जावे लागते आणि कोळशाचे थर पाहायला चंद्रपूर गाठावे लागते. ज्या विद्यार्थ्याचा दौरा चुकतो, त्याचे अर्धे शिक्षण चुकते, हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही. म्हणून प्रश्न द्यावे की न द्यावे हा नसून कोणत्या मार्गाने द्यावे एवढाच आहे, आणि तिथे माझे मत आपल्या योजनेपेक्षा वेगळे आहे.

आपले वार्षिक उत्पन्न मांडू. निवृत्तिवेतन ७.४४ लाख, बचत योजनेचे व्याज ८.२ टक्क्यांनी २.४६ लाख, मुदत ठेवींचे साडेसहा टक्के धरले तर १.८२ लाख, एकूण ११.७२ लाख. खर्च ७.८० लाख, म्हणजे वर्षाला सुमारे ३.९० लाख शिल्लक राहतात. आता २० लाखांची ठेव विद्यापीठाकडे गेली, तर त्याच दराने विद्यार्थ्यांना दरवर्षी मिळतील १.३० लाख. ती ठेव आपल्याच नावावर राहिली आणि आपण दरवर्षी शिलकीतून १.५० लाख पाठवले, तर विद्यार्थ्यांना थोडे अधिकच मिळते आणि २० लाखांची मुद्दल आपल्या हाताशी राहते. माझा सल्ला हाच आहे.

मुद्दल हाताशी असावी असे मी का म्हणतो, तेही सांगतो. आपल्या घरात नियमित उत्पन्नाचा मुख्य आधार आपले निवृत्तिवेतन आहे. उद्या आपल्या पश्चात यजमानांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल, परंतु ते साधारणपणे शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के आणि त्यावरील महागाई वाढ एवढेच असते. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या, एकट्या राहणाऱ्या माणसाला घरी मदतनीस ठेवावा लागला, तर त्या रकमेत भागणार नाही. दिलेली देणगी परत मागता येत नाही, आणि मागण्याची वेळ आपल्यावर येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

कायम ठेवीचे दुसरे दुखणे महागाईचे आहे. १९९१ साली माझ्या एका ग्राहकाच्या वडिलांनी एका महाविद्यालयात पाच हजारांची ठेव ठेवून पारितोषिक सुरू केले होते. तेव्हा ती रक्कम मोठी होती. आज तिचे वर्षाचे व्याज साडेतीनशे रुपयांच्या आसपास येते. प्रमाणपत्र आणि त्याची चौकट यांतच ते संपते. महागाई सहा टक्के धरली तर १.३० लाखांची किंमत बारा वर्षांत निम्मी होईल. दरवर्षी देणारा माणूस एसटीचे भाडे वाढले की रक्कम वाढवू शकतो. ठेव ते करू शकत नाही.

करसवलतीचा विचार या निर्णयातून पूर्णपणे काढून टाका. प्रमाणित वजावटीचे ७५ हजार वगळता आपले उत्पन्न १२ लाखांच्या आत राहते, त्यामुळे नव्या करप्रणालीत आपल्याला आजही कर नाही. आणि त्या प्रणालीत देणगीची, म्हणजे आपण ज्याला ८०जी म्हणतो ती, वजावटही नाही. जुन्या प्रणालीत गेलात तर सर्वसाधारण संस्थेला दिलेल्या देणगीपैकी उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपर्यंतचीच रक्कम विचारात घेतली जाते आणि तिच्या निम्मी वजा होते. आपल्या बाबतीत २० लाखांवर वजावट जेमतेम ५० हजारांची, उरलेली पुढच्या वर्षी ओढता येत नाही, आणि एवढे करून कर भरावा लागेल लाखाच्या घरात.

विभाग ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती नाही. धनादेश विद्यापीठाच्या नावे निघतो, देणगी स्वीकारण्याचा अधिकार व्यवस्थापन परिषदेचा असतो आणि हिशेब वित्त व लेखा विभागाकडे राहतो. म्हणून प्रत्येक धनादेशासोबत हेतूपत्र जोडा आणि त्याची पोच घ्या. त्यात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात : रक्कम फक्त अभ्यासदौऱ्याचा प्रवास, निवास व जेवण यांसाठी आहे, एखाद्या वर्षी दौरा झाला नाही तर ती पुढच्या वर्षासाठी राखून ठेवावी, आणि पैसे दौऱ्याआधी द्यावेत. शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अनेक योजनांत विद्यार्थ्याने आधी खर्च करायचा आणि बिले सादर केल्यावर परतावा मिळवायचा, अशी पद्धत असते. ज्याच्याकडे आगाऊ भरायला पैसेच नाहीत, तो मुलगा नावच नोंदवत नाही आणि कागदावर कोणी गरजू नव्हता असे दिसते. आपल्या सरांनी पैसे आधी भरले होते, म्हणून आपण जाऊ शकलात.

कायमस्वरूपी निधीची इच्छा मृत्युपत्रातून पूर्ण करा. दोघांच्याही पश्चात इतकी रक्कम विद्यापीठाला, भूशास्त्र विभागाच्या अभ्यासदौऱ्यांसाठी, असे नेमके शब्द दोघांच्याही मृत्युपत्रांत दोन साक्षीदारांसमोर लिहावेत, आणि मुलीला आजच विश्वासात घ्यावे. केवळ ठेवीवर नामनिर्देशन करून भागत नाही. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, मालक ठरत नाही.

देणगीशी संबंध नसला तरी एक गोष्ट आवर्जून सांगतो. २८ लाख एकाच सहकारी बँकेत ठेवू नका. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंतच आहे. जसजशा ठेवी मुदत पूर्ण करतील, तसतशा त्या दोन-तीन मोठ्या बँकांत विभागा.

दौरे बहुधा हिवाळ्यात निघतात. त्याआधी विभागप्रमुखांना पत्र लिहून यंदाचा दौरा कुठे, किती दिवसांचा आणि दर विद्यार्थ्यामागे खर्च किती, एवढे विचारून घ्या. उत्तर आले की पहिले दीड लाख लगेच पाठवा.