खोली घेण्याआधी वस्ती पारखा

खोली पाहण्याआधी वस्ती पाहावी, असे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आग्रहाने सांगतो. दुपारी शांत वाटणारी गल्ली रात्री कशी असते, हे प्रत्यक्ष गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून शेवटच्या बसने उतरून थांब्यापासून दारापर्यंत एकदा पायी जावे आणि वाटेतले दिवे लागलेले आहेत का, एखादे दुकान उघडे आहे का, हे नीट पाहावे. मी स्वतः कमी भाड्याला भुलून दूर राहिलो आणि वाचलेले पैसे प्रवासात, तर अभ्यासाचे दोन तास रोज गर्दीत उभे राहण्यात गेले. भाडे आणि प्रवासखर्च यांची बेरीज करूनच तुलना करावी. पाण्याची किंवा गोंगाटाची चौकशी मात्र घरमालकाऐवजी शेजाऱ्यांकडे करावी.