‘जीवनमान’, ‘जीवनगुणवत्ता’ आणि कर्करुग्णाला विचारायचे प्रश्न

विचारणा अशी आहे: कर्करुग्णांसाठी तयार होत असलेल्या एका मराठी माहितीपुस्तिकेत ‘क्वालिटी ऑफ लाइफ’साठी ‘जीवनमान’ लिहावे की ‘जीवनगुणवत्ता’? तिच्याबाबतीत ‘मोजणे’ हे क्रियापद शोभते का? आणि उपचार संपवून पुढचे आयुष्य जगणाऱ्यांना ‘कर्करोगमुक्त’ म्हणावे काय?

माझ्या मते संकल्पनेचे नाव म्हणून ‘जीवनगुणवत्ता’ घ्यावे आणि ‘जीवनमान’ टाळावे. मात्र रुग्णासमोर ठेवायच्या प्रत्यक्ष प्रश्नात या दोहोंपैकी एकही शब्द येऊ देऊ नये.

‘जीवनमान’ हा शब्द मराठीत आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेला आहे. ‘शेतकऱ्यांचे जीवनमान उंचावले’ असे वाचले की आपल्या डोळ्यांसमोर उत्पन्न, पक्के घर, नळाचे पाणी येते, म्हणजे आपण ‘राहणीमान’ असाच अर्थ घेतो. शिवाय ‘आयुर्मान’ अगदी शेजारी असल्यामुळे ‘सरासरी जीवनमान’ असाही सैल वापर पुष्कळदा आढळतो. कर्करोगाच्या पुस्तिकेत हा घोटाळा साधा राहत नाही. ‘या उपचाराने रुग्णांचे जीवनमान वाढले’ या वाक्यावरून वाचकाला रुग्ण अधिक काळ जगले असे वाटेल. उलट जगण्याची लांबी आणि जगण्याची अवस्था या दोन गोष्टी वेगळ्या तपासाव्यात, याच गरजेतून ही संकल्पना कर्करोगशास्त्रात रुजली. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या 151 रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासूनच परिहार सेवा, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करण्यावर भर देणारी पॅलिएटिव्ह केअर, दिली गेली. त्यांची जीवनगुणवत्ता इतरांहून चांगली राहिली आणि ते एकंदरीत अधिक काळ जगलेही: मध्यांक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ, 8.9 महिन्यांऐवजी 11.6 महिने होता. हे दोन निष्कर्ष स्वतंत्र आहेत, आणि ‘जीवनमान’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला तर त्या अभ्यासाचे मराठीत धड वर्णनही करता येणार नाही.

दुसरी हरकत ‘मान’ या उत्तरपदाला आहे. तापमान, पर्जन्यमान अशा मोजमाप करणाऱ्या सगळ्या शब्दांच्या घराण्यात मोजणारा बाहेरचा असतो. पावसाला कोणी विचारत नाही. कर्करोगाच्या क्षेत्रातही आरंभी असेच होते. 1940च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड कार्नोफ्स्की आणि जोसेफ बर्चेनल या अमेरिकी डॉक्टरांनी मांडलेल्या मोजपट्टीवर रुग्णाला 0 ते 100 यांच्या दरम्यान, दहादहाच्या टप्प्याने, एक अंक मिळतो. कसलीही तक्रार नसलेला माणूस 100 वर आणि मृत्यू शून्यावर असतो, आणि हा अंक रुग्ण देत नाही, डॉक्टर देतात. ही मोजपट्टी आजही उपयोगात आहे, पण रुग्ण स्वतःचे किती करू शकतो एवढेच ती सांगते. त्याला कसे वाटते हे तिला कळत नाही. 1988 साली ब्रिटनमध्ये डॉक्टर आणि रुग्ण या दोघांकडून रुग्णाच्या स्थितीचे वर्णन करून घेतले, तेव्हा दोघांची उत्तरे फारशी जुळली नाहीत, आणि हे काम रुग्णाकडेच सोपवावे असा निष्कर्ष त्या अभ्यासकांनी काढला. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्याही याच अंगाने जाते: आपण ज्या संस्कृतीत आणि मूल्यव्यवस्थेत राहतो तिच्या संदर्भात, आपली उद्दिष्टे, अपेक्षा आणि चिंता लक्षात घेता, आयुष्यातील स्वतःच्या स्थानाबद्दल व्यक्तीची जी जाणीव असते ती जीवनगुणवत्ता. या जाणिवेला ‘मान’ लावणे मला पटत नाही.

‘गुणवत्ता’ निर्दोष आहे असे मात्र नाही. मराठी घरात हा शब्द दहावीच्या गुणवत्ता यादीसोबत येतो, आणि ‘तुमच्या जीवनाची गुणवत्ता कशी आहे’ असे विचारले तर आपली परीक्षा चालली आहे असे एखाद्याला वाटू शकते. म्हणून हा शब्द शीर्षकात, प्रस्तावनेत आणि अभ्यासकांच्या आपसातील व्यवहारात राहावा. रुग्णाला ‘गेल्या आठवड्यात तुमचे एकंदर जगणे कसे होते?’ असे विचारले तरी पुरते. येथे ‘आयुष्य’ न म्हणता ‘जगणे’ म्हणण्याचे कारण असे की ‘आयुष्य’ म्हटल्याबरोबर माणूस किती उरले याचा हिशोब करू लागतो.

‘गेल्या आठवड्यात’ ही मर्यादा मी मनाने घातलेली नाही. कर्करोगावरील संशोधन आणि उपचारांसाठीच्या युरोपीय संघटनेची, 1993 साली प्रसिद्ध झालेली, ‘क्यूएलक्यू-सी30’ या नावाने ओळखली जाणारी 30 प्रश्नांची प्रश्नावली बहुतेक प्रश्न गेल्या आठवड्यापुरतेच विचारते. जड पिशवी किंवा सुटकेस उचलताना त्रास होतो का येथून सुरुवात होते. पुढे श्वास, झोप, भूक, मळमळ, बद्धकोष्ठ, वर्तमानपत्र वाचताना लक्ष लागणे, चिडचिड, उदासी, कुटुंबातील व्यवहारात आलेला अडथळा आणि आर्थिक अडचण इथपर्यंत ती जाते. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगासाठी तिला 35 प्रश्नांची वेगळी जोड आहे. तीत तोंड उघडण्याचा त्रास, कोरडे पडलेले तोंड आणि चिकट लाळ यांच्यासोबत, घरच्यांसमोर जेवताना अडचण वाटते का आणि इतर लोकांसमोर जेवताना वाटते का, असे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. मराठीत दुसऱ्या प्रश्नाला ‘चारचौघांत जेवताना’ हा शब्दप्रयोग जितका नेमका बसेल तितका ‘सार्वजनिक ठिकाणी अन्नग्रहण करताना’ कधीच बसणार नाही. तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचे आपल्याकडील प्रमाण पाहता हा प्रश्न नीट लिहिला जाणे फार महत्त्वाचे आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात या प्रश्नावल्यांच्या हिंदी आणि मराठी रूपांवर काम झालेले आहे. तेव्हा पुस्तिकेसाठी प्रश्न घ्यायचे असतील तर घरी भाषांतर करण्याऐवजी त्या युरोपीय संघटनेकडून अधिकृत मराठी आवृत्ती मागावी. अशी आवृत्ती करताना दोन स्वतंत्र भाषांतरे होतात, त्यांचा मेळ घातला जातो, मग मूळ न पाहिलेल्यांकडून उलटे भाषांतर करून घेतात आणि शेवटी काही रुग्णांना विचारून मजकूर पारखतात.

एवढा खटाटोप का, हे थकव्याच्या प्रश्नांवरून कळते. विश्रांतीची गरज भासली का, अशक्तपणा वाटला का आणि थकवा आला का, असे तीन वेगळे प्रश्न या प्रश्नावलीत आहेत. ‘गळून गेल्यासारखे वाटते’ या एका वाक्यात मराठी माणूस तिन्ही सांगून मोकळा होतो, पण भाषांतरकाराला ते तीन ठिकाणी वेगळे ठेवावे लागतात. उत्तरांच्या पर्यायांतही असाच पेच आहे. ‘अजिबात नाही’ आणि ‘थोडे’ या पहिल्या दोन पायऱ्या सोप्या. पण तिसऱ्या आणि चौथ्या पायरीसाठी ‘बरेच’ आणि ‘खूप’ ठेवले तर बोलण्यात त्यांच्यातील अंतर पुष्कळांना जाणवत नाही, आणि ‘बऱ्यापैकी’ला तर समाधानाची छटा आहे. मी ‘बरेच’ आणि ‘अतिशय’ ही जोडी सुचवीन.

आता ‘मोजणे’. उत्तरांचे रूपांतर 0 ते 100 अशा अंकांत होते, म्हणून ‘मापन’ म्हणायला हरकत नाही. ‘मूल्यमापन’ मात्र नको, कारण ‘रुग्णाच्या जगण्याचे मूल्यमापन’ म्हटले की ते जगणे कोणत्या किमतीचे हे दुसरे कोणी ठरवते आहे असा ध्वनी निघतो. स्कोअरला ‘गुण’ म्हणणेही अडचणीचे आहे. या प्रश्नावलीत कार्यक्षमतेचा अंक वाढणे चांगले, तर लक्षणांचा अंक वाढणे वाईट. ‘वेदनेला 80 गुण’ हे वाचणाऱ्याला काय समजेल? त्यात ‘औषधाचा गुण आला’ हा प्रयोग आपल्याकडे रूढ. सरळ ‘अंक’ म्हणावे. त्या अंकांचा अर्थही रुग्णांना विचारूनच लावला गेला आहे: 1998 सालच्या एका अभ्यासात 5 ते 10 अंकांचा फरक रुग्णांना थोडासा, 10 ते 20 अंकांचा मध्यम आणि 20 हून अधिक फरक मोठा जाणवला होता. अर्थात मोजणाऱ्याचा गजही दरम्यान बदलत असतो. निदानापूर्वी जी अवस्था असह्य वाटली असती ती उपचारांनंतर ‘ठीक’ वाटू शकते, आणि अभ्यासक या बदलाला चूक न मानता त्याची वेगळी दखल घेतात.

राहिला ‘सर्व्हायव्हर’, म्हणजे ज्याच्यासाठी ‘कर्करोगमुक्त’ म्हणावे काय असे विचारले आहे तो इंग्रजी शब्द. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या व्याख्येनुसार निदान झाल्या दिवसापासून आयुष्याच्या अखेरपर्यंत प्रत्येक रुग्ण ‘सर्व्हायव्हर’च असतो, त्या अर्थी ‘कर्करोगमुक्त’ हे भाषांतर चुकीचे ठरते, आणि डॉक्टरांनी न दिलेली खात्रीही ते देऊन टाकते. ‘योद्धा’ आणि ‘विजेता’ सभांमध्ये ऐकायला बरे, पण ज्याचा आजार उलटला तो मग हरला म्हणायचे का? पुस्तिकेत ज्या गटाबद्दल लिहायचे आहे तो गट सांगावा: ‘उपचार पूर्ण झालेले’, ‘उपचार चालू असलेले’. दोन्ही मिळून म्हणायचे असेल तेथे ‘कर्करोगासह किंवा कर्करोगानंतर जगणारे’ असे लिहावे; ते लांब आहे, पण त्यात कोणी सुटत नाही.