कोळ्याचा दंश : गंभीर केव्हा समजावा?

ऑस्ट्रेलियातील मराठी वाचकांनी विचारलेल्या तीन प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : बागेतले हातमोजे घालताना रेडबॅक कोळी बोटाला चावला. जखम दिसतही नव्हती, पण तासाभराने दंड दुखू लागला. हे गंभीर आहे का? (मेलबर्न)

उत्तर : रेडबॅकच्या दंशात जखमेच्या आकाराला अर्थ नसतो, वेदना कुठवर चढली आणि घाम कुठे आला, हे पाहावे लागते. चावलेल्या जागेभोवती घामाचे बारीक थेंब जमतात, तिथली लव उभी राहते आणि वेदना हळूहळू काखेपर्यंत पोहोचते. ती साध्या वेदनाशामक गोळीने आटोक्यात राहत असेल, तर घरी थांबण्यास हरकत नाही. मात्र पोटात किंवा छातीत कळा येणे, मळमळणे, दोन्ही पायांना घाम सुटणे ही विष अंगात भिनल्याची लक्षणे असून त्या वेळी रुग्णालयच गाठावे. बर्फाने शेकावे, घट्ट पट्टी बांधू नये, तिने वेदना वाढते. लहान मुलाला सांगता येत नाही, म्हणून कारण न सापडणारे, काही केल्या न थांबणारे रडणे मी स्वतः गंभीर लक्षणच मानतो.

प्रश्न : रेडबॅकचे प्रतिविष मागून घ्यावे का? (पर्थ)

उत्तर : ते 1956 पासून वापरात आहे, परंतु 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीच्या वेदनाशामकांच्या जोडीला ते दिल्याने ठळक लाभ दिसला नाही. म्हणून डॉक्टरांनी वेदनाशमनावर भर दिला, तर ती हयगय समजू नये.

प्रश्न : सिडनी फनेल-वेब चावूनही माणूस ठणठणीत दिसत असेल तर? (सिडनी)

उत्तर : तरीही ती आणीबाणीच समजावी व 000 वर फोन करावा. या कोळ्याचे बहुतेक दंश गंभीर ठरत नाहीत, पण कोणता ठरेल हे आधी कळत नाही आणि लक्षणे बहुधा अर्ध्या तासातच सुरू होतात. संपूर्ण हातावर किंवा पायावर रुंद क्रेप बँडेज गुंडाळून, फळी बांधून रुग्णाला हलू देऊ नये. ओठांभोवती मुंग्या येणे, लाळ व अश्रू वाहणे, घामाने चिंब होणे ही धोक्याची चिन्हे होत. जीभ बाहेर काढायला सांगितल्यास तिचे स्नायू थरथरताना दिसतात. याच्या पुढची पायरी म्हणजे फुप्फुसांत पाणी साचणे. येथे मात्र प्रतिविषाला पर्याय नाही : ते 1981 मध्ये उपलब्ध झाल्यापासून या दंशाने मृत्यू झाल्याची नोंद नाही. पट्टी वाटेत सैल करू नये. प्रतिविष हाताशी असलेल्या रुग्णालयात डॉक्टरांनीच ती सोडावी आणि त्यानंतरही काही तास रुग्णावर लक्ष ठेवावे.