परभणीहून मोठं सागवानी डायनिंग टेबल पुण्या-मुंबईला पाठवायला सगळ्यात स्वस्त कुरिअर कोणतं? छोटा ऑनलाइन धंदा आहे.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "पॅकिंगचं काही विशेष नाही, ते हमालांकडून करून घेऊ." हे वाक्य वाचलं आणि लिहायला बसले.

तुमचा प्रश्न आधी उरकते. कुरिअर नकोच. एवढ्या मोठ्या वस्तूला कुरिअरवाले वजनाचे नाही, जागेचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात. तुमचं सहा बाय तीनचं, अडीच फूट उंचीचं टेबल जसंच्या तसं बांधलं तर त्यांच्या हिशेबानं ते जवळपास 255 किलो भरतं. काट्यावर सत्तर-ऐंशीच भरेल. रोड ट्रान्सपोर्टवाले घनफूट मोजतात, कुणी घनफुटाला सहा किलो धरतं, कुणी दहा. पायांसकट टेबल 45 घनफूट होतं, म्हणजे दहाच्या दरानं 450 किलो. टॉप वेगळा आणि पाय-पट्ट्या वेगळ्या बांधल्या तर सगळं मिळून बारा घनफुटांच्या आसपास बसतं, म्हणजे 120 किलो. मधला सगळा फरक तुम्ही टेबलाखालच्या रिकाम्या जागेचं भाडं म्हणून भरता. टेबल उघडतं की नाही, यावर तुमचा खर्च ठरतो. कंपनी कोणती हा नंतरचा प्रश्न.

आता हमालांबद्दल. माझे वडील लातूरच्या मार्केट यार्डात हमाल होते. क्विंटलाची पोती त्यांनी पाठीवर वाहिली. माझं सासर सुताराचं, औशाच्या रस्त्याला आमचं वर्कशॉप आहे. जोडकाम मोठे दीर बघतात, पॉलिश नवरा करतो. फोटो, ऑर्डरी, पैसे आणि पॅकिंग माझ्याकडे. पॅकिंग माझ्याकडे आलं ते वादातून.

आधी आमच्याकडे पॅकिंग म्हणजे बारदाना गुंडाळायचा, सुतळी आवळायची आणि गाडीत चढवायचं. लातूरला डाळमिल आणि आडत दुकानं भरपूर, त्यामुळे जुना बारदाना पाहिजे तेवढा मिळतो. गावातल्या गावात तेवढं पुरायचं. मग हडपसरच्या एका फ्लॅटसाठी अखंड कपाट गेलं. पोचलं तेव्हा त्याचा पुढचा एक पाय मुळातून मोडला होता. ट्रान्सपोर्टवाल्यानं बिल्टी, म्हणजे माल बुक केल्याची पावती, पुढे केली, त्यावर माल मालकाच्या जोखमीवर असल्याचं छापलेलं होतं. भाऊजी म्हणाले, "हमालांनी फेकलं असणार. त्यांना काय किंमत हाय?" सगळं घर जेवायला बसलेलं असताना, माझ्यासमोर ते असं म्हणाले. मी तिथंच म्हणाले की पॅकिंग आजपासून मी करणार. ते म्हणाले, "ते हमालाचं काम हाय, सुताराच्या घरातल्या बाईचं न्हाई."

त्यानंतरची मोठी ऑर्डर ठाण्याची होती, बंगईची, म्हणजे लाकडी झोपाळ्याची. गिऱ्हाईक मूळचे आमच्याच भागातले. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर आमच्याकडे लोकांना माळवदाच्या, म्हणजे जड मातीच्या छताच्या, घरात झोपायची भीती वाटायची. कित्येकांनी खणखणीत वाडे उतरवले. यांच्याही वाड्याचं लाकूड उतरवून नातेवाइकांच्या गोठ्यात रचून ठेवलं होतं. त्यातून बसायची बंगई करून हवी होती आणि पाठीला दाराची जुनी गणेशपट्टी लावायची होती, कोरीव, दोन्हीकडे मोर. असं लाकूड तुटलं तर भरपाई कसली देणार? भाऊजींनी पाठ बैठकीला कायमची जोडायची ठरवली, खुंट्या ठोकून, फेविकॉल भरून. मी नको म्हणत होते. ठाण्याला लिफ्टचा दरवाजा अडीच फुटांचा, एवढी वस्तू वर जायची कशी? त्यांचं म्हणणं, नटबोल्टवर उघडतं ते फर्निचर नव्हे, ती मांडवाची खुर्ची.

माझे वडील, दादा, तेव्हा आमच्याकडे आले होते. काम सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती. पाठ नुसती बैठकीवर टेकवून, अंदाज घ्यायला म्हणून, भाऊजींनी सगळं बारदान्यात बांधून ठेवलं होतं. दादांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, वाकले, खाली हात घालायला गेले आणि विचारलं, "धरावं कुठं ह्याला?"

कुणीच बोललं नाही. मग त्यांनीच सांगितलं. बोटं घालायला जागा नसली की माणूस माल आधी तिरका करतो. तिरका केला की सगळा भार एका पायावर येतो. मग त्या कोपऱ्यावर गरगर फिरवत पुढे नेतो, आणि हात भरून आले की सुतळीला धरून ओढतो. कपाटाचा पाय तिथं गेला. "फेकत न्हाई कुणी," दादा म्हणाले, "फेकाया आधी उचलावं लागतं."

मला पॅकिंगमधलं सगळ्यात मोलाचं जे कळलं ते हेच. वस्तूभोवती काय गुंडाळायचं हा प्रश्न नंतर येतो. गावाकडून ठाण्यापर्यंत ती किती हातांतून जाणार आणि प्रत्येक हात तिला कुठे धरणार, हे आधी ठरवायचं. मी ती बंगई पुन्हा उघडली. नवऱ्यानं माझी बाजू घेतली आणि पाठ बोल्टवर बसवली, बोल्टची तोंडं लाकडाच्या गोल टिकल्यांनी झाकली. बैठक वेगळी, पाठ वेगळी, पितळी कड्या तिसऱ्या पेटीत. बैठकीच्या खाली आडव्या दोन पट्ट्या ठोकल्या, म्हणजे जमिनीपासून चार बोटं उंच राहते आणि हात सरळ आत जातो. दोन्ही टोकांना जाड दोराच्या मुठी. गणेशपट्टीभोवती लाकडी चौकट अशी केली की कोरीव कामाला कशाचाच स्पर्श नाही, पट्टी मागच्या सपाट बाजूवर आवळलेली. बाहेरून "नाजूक" लिहिलं नाही. त्या चिठ्ठीनं हमालाला काहीच कळत नाही. ठळक अक्षरांत "इथे धरा" लिहिलं, खाली हिंदीत "यहाँ पकड़ें", आणि बाण काढला.

ठाण्याला बैठक लिफ्टमध्ये मावली नाही, जिन्यानं न्यावी लागली. गिऱ्हाइकानं व्हिडिओ पाठवला. दोन हमाल दोराच्या मुठी धरून, न थांबता, भिंतीला न घासता वर चढताना दिसत होते. गणेशपट्टीवर ओरखडा नव्हता. दादांनी तो व्हिडिओ परत परत लावून पाहिला. भाऊजी म्हणाले, "नशीब."

त्यानंतर गेलेल्या एकाही वस्तूचा पाय मोडलेला नाही, तरी त्यांचा शब्द तोच आहे. म्हणून तुमच्या निमित्तानं इथे स्पष्ट लिहिते. नटबोल्टवर उघडणारं फर्निचर हलक्या दर्जाचं असतं हे चूक आहे. व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेटनं 1859 मध्ये 14 नंबरची खुर्ची बाजारात आणली. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. एक घनमीटरच्या पेटीत अशा 36 खुर्च्या सुट्ट्या करून जायच्या. त्या खुर्च्या जगभर गेल्या आणि आजही लोक जपून वापरतात. चांगल्या सुतारानं केलेला उघडता सांधा डगमगत नाही. तो जमवायला उलट जास्त हात लागतो.

सामानाबद्दल थोडं. नव्या पॉलिशवर बबल रॅप थेट लावू नका, फुग्यांचे गोल ठसे उमटतात आणि पुन्हा घासल्याशिवाय जात नाहीत. पॉलिश आठवडाभर तरी वाळू द्या. आधी पातळ फोम शीट, मग बबल रॅप, मग पाच पदरी पुठ्ठा, कोपऱ्यांना कडक कॉर्नर, वरून बारदाना. चिकटपट्टी लाकडाला कुठेही लागता कामा नये. थर्माकोल मी वर्कशॉपमध्ये येऊच देत नाही, एका दणक्यात त्याचा भुगा होतो. पावसाळ्यात स्ट्रेच फिल्मनं सगळीकडून घट्ट बांधलं तर आत घाम धरतो आणि पॉलिश पांढरं पडतं, म्हणून खालच्या बाजूनं थोडी मोकळी ठेवा. नटबोल्ट कापडी पिशवीत, दोन-चार जास्तीचे घालून, अ‍ॅलन की सोबत, आणि पिशवी पायांच्या बोचक्यात बांधलेली. सांध्यांवर नंबर टाका. कुठलंही बोचकं दोन माणसांना जिना चढून नेता येईल एवढंच असावं, माझी मर्यादा पन्नास किलोच्या आत आहे.

लाकडाबद्दल एक गोष्ट मराठवाड्यातल्या माणसानं विसरू नये. आपली हवा कोरडी. इथे उन्हाळ्यात घट्ट बसवलेला ड्रॉवर मुंबईच्या पावसात उघडत नाही. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत फुगतं. दीड फूट रुंदीचा सागवानी टॉप तीन-चार मिलिमीटर सहज घेतो, तुमचा तीन फुटी त्याच्या दुप्पट. टॉप फ्रेमला चारी बाजूंनी स्क्रूनं जखडू नका, भोकं लांबट ठेवा, नाहीतर तो तडकेल आणि गिऱ्हाईक म्हणेल वाटेत फुटला.

गाडीचं म्हणाल तर मी पुण्या-मुंबईला जाणाऱ्या पार्ट लोडच्या गाडीत देते, म्हणजे अनेकांचा माल एकत्र नेणाऱ्या. पेंडीच्या पोत्यांसोबत नको, वास लाकडात बसतो. दसरा-दिवाळीला सोयाबीन बाजारात येतं, गाड्या मिळत नाहीत, भाडं चढतं आणि नेमक्या तेव्हाच आपल्या ऑर्डरी असतात, म्हणून त्या दिवसांचा वायदा लांबचा द्या. गोडाऊन डिलिव्हरी स्वस्त दिसते, पण गोडाऊनपासून घरापर्यंत छोटा हत्ती (लहान टेम्पो) कोण करणार आणि वर चढवायची हमाली कोण देणार, हे बुकिंगच्या आधी गिऱ्हाइकाशी बोलून घ्या. फ्री डिलिव्हरी लिहू नका. हमाली वेगळी दाखवा आणि ती पूर्ण द्या. घासाघीस करून चिडवलेल्या माणसाच्या हातात आपली महिन्याची मेहनत द्यायची का? कॅश ऑन डिलिव्हरी मोठ्या फर्निचरला कधीच नाही. जिना, वळण आणि लिफ्टच्या दरवाजाचं माप गिऱ्हाइकाकडून फोटोसकट मागून घ्या, मगच आगाऊ रक्कम घ्या.

नुकसानीचं राहिलं. 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी मर्यादित असते, 2011 च्या नियमांत ती भाड्याच्या दहापट आहे. भाडं दोन हजार असेल तर वीस हजारांच्या वर तो देणं लागत नाही, माल सत्तर हजारांचा असला तरी. जास्त जोखमीचा दर भरून बुक केलं तर गोष्ट वेगळी. शिवाय बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत लेखी नोटीस दिली नाही तर दावाच करता येत नाही. म्हणून महाग वस्तूचा ट्रान्झिट विमा काढा, आणि बांधताना प्रत्येक थराचा फोटो ठेवा. ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वरच्या मालाला लागतं, राज्याबाहेर 50,000 च्या वर.

हे सगळं सागवानी आणि जुन्या भरीव लाकडाचं आहे. प्लायच्या फर्निचरला बोल्ट परत परत काढून-घालून चालत नाही, भोकं सैल होतात. काच किंवा संगमरवरी टॉप असेल तर पूर्ण लाकडी पेटीच करा आणि तो उभा पाठवा, आडवा नाही. परदेशी पाठवायचं असेल तर पेटीचं लाकूडही उष्णता दिलेलं आणि शिक्का मारलेलं लागतं. ते काम मी केलेलं नाही. आणि गिऱ्हाईक नांदेड-लातूरच्या आतलं असेल तर एवढा खटाटोप करू नका, घरचा माणूस सोबत देऊन छोट्या हत्तीनं पोचवा.

तुमच्या टेबलाचे पाय निघतात का, तेवढं खाली लिहा. निघत असतील तर टॉपची जाडी आणि खालच्या फ्रेमचा फोटो टाका, पट्ट्या कुठे ठोकायच्या ते सांगते. फेविकॉल भरून पक्के केले असतील तर हे टेबल परभणीतच विका आणि पुढचं बोल्टवर करा.