लाइट गेली, पाणी चढले: बडोदेकरांचे प्रश्न

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीने काला घोडा पुलाजवळ 35 फुटांची रेघ ओलांडली. धोक्याची पातळी आहे 25. त्या पुरात शहराच्या बऱ्याच भागांत लाइट गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर आलेली बहुतेक पत्रे त्याच धास्तीने लिहिलेली आहेत.

आमच्याकडे 900 व्हीएचा इन्व्हर्टर आणि तीन वर्षांची 150 एएचची (ॲम्पिअर-अवर, म्हणजे साठवण्याची क्षमता) ट्युब्युलर बॅटरी आहे. दुकानदार म्हणतो, शेजारी अजून एक 150ची जोडा, दोन दिवस निघतील. जोडावी का? (दांडिया बाजार)

जोडू नका. जुनी आणि नवी बॅटरी समांतर जोडली की जुनी नवीला खाली ओढते आणि दोघींचे आयुष्य घटते. शिवाय तुमच्या इन्व्हर्टरचा चार्जर साधारण 10 ते 15 ॲम्पिअर देतो. त्या वेगाने 300 एएच भरायला जवळजवळ पूर्ण दिवस लागेल. पुराच्या दिवसांत लाइट येते ती तास-दोन तास डोकावून जाते. तेवढ्या वेळात बॅटरी एक असो की दोन, पडायची तेवढीच भर पडणार.

आधी विजेच्या खर्चाची बाजू पाहा. 12 व्होल्ट गुणिले 150 एएच म्हणजे कागदावर 1800 वॉट-अवर. बॅटरीचे वय आणि इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारा भाग वजा करून हातात 1000 ते 1100 धरा. जुन्या पद्धतीचे दोन पंखे (प्रत्येकी 75 वॉट), 9 वॉटचे चार दिवे आणि वायफायचा राउटर मिळून 200 वॉट होतात. इन्व्हर्टर स्वतःच 10-12 वॉट खातो. म्हणजे पाच तासांत खेळ खल्लास. तेच पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचे) असतील तर प्रत्येकी 30 वॉटच्या आसपास, आणि पाचाचे नऊ तास होतात. रात्री एक बीएलडीसी पंखा आणि एकच दिवा ठेवला तर हीच बॅटरी वीस तास ओढते. एका नव्या बॅटरीच्या पैशांत असे चार-पाच पंखे येतात. दुकानदार हे सांगत नाही, त्याला बॅटरी विकायची असते.

काहीच चालू नसेल तेव्हा इन्व्हर्टर त्याच्या बटणाने पूर्ण बंद करा. नुसते दिवे-पंखे बंद करून त्याचा स्वतःचा खर्च थांबत नाही. बॅटरी पूर्ण उतरली तर लाइट येताच भरायला लावा, कारण उतरलेली बॅटरी आठवडाभर तशीच पडली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि मग ती पूर्ण भरतच नाही. मे महिन्यात बॅटरीवाल्याकडून हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) लावून घ्या. भरलेल्या बॅटरीत सहाही कप्प्यांत 1.240च्या आसपास आकडा हवा. एखादा कप्पा 1.210च्या खाली राहिला तर त्या बॅटरीवर पावसाळा काढायचा भरवसा धरू नका. पाणी घालायचे ते फक्त डिस्टिल्ड. आरओचे चालत नाही, त्यात क्षार उरतात.

तळमजल्याचे टेनामेंट आहे. मागच्या पुरात घरात गुडघाभर पाणी होते, बॅटरी बुडून गेली. आता ती माळ्यावर चढवू का? (समा)

माळा नको. भरलेली 150ची बॅटरी 55-60 किलोची असते. ती वर चढवणे आणि दर दोन-तीन महिन्यांनी तिथे वाकून पाणी घालणे होणार नाही. शिवाय चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो, त्याला मोकळी हवा लागते.

भिंतीवर पुराची जी रेघ उमटली असेल, तिच्यापेक्षा दीड फूट वर बॅटरी राहील असे लोखंडी अँगलचे स्टँड करून घ्या आणि ते भिंतीला बोल्टने पक्के करा. हे काम पाऊस लागायच्या आधीच करायचे. पाणी उंबऱ्याशी आल्यावर साठ किलोचा ॲसिड भरलेला डबा दोघांना उचलायला सांगणे म्हणजे हात भाजायची तयारी. इन्व्हर्टर बॅटरीशेजारीच ठेवा. बरेच मिस्त्री बॅटरी वर नेतात, इन्व्हर्टर खालीच ठेवतात आणि मधली वायर लांबवतात. 600 वॉटचा भार असताना 12 व्होल्टच्या त्या वायरीतून 50-60 ॲम्पिअर वाहतात. लांब वायरीत व्होल्टेज पडते, टोके तापतात आणि बॅटरी अर्धी भरलेली असतानाच इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ म्हणून बंद पडतो. लांबवायची असेल तर 230 व्होल्टची बाहेर जाणारी वायर लांबवा.

त्याच मिस्त्रीकडून तळमजल्याच्या प्लगांचा एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच) वेगळा करून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. पाणी वाढते आहे असे दिसले की आधी इन्व्हर्टर बंद करा, मग त्याचा प्लग काढा, मग बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवा. हे सगळे पाणी प्लगच्या उंचीला पोहोचण्याआधी. उशीर झाला तर कशालाच हात लावू नका. आणि घराबाहेर पडून पाण्यातून चालत मेन स्विचकडे जायचे धाडस नको. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि पुरात त्या सोसायट्यांत शिरतात, हे बडोद्यात कुणाला वेगळे सांगायला नको.

छतावर 3 किलोवॅटचे सोलर आहे. बाहेर लख्ख ऊन, तरी लाइट गेली की घरात अंधार. कंपनीने फसवले का? (मांजलपूर)

फसवलेले नाही, फक्त नीट सांगितलेले नाही. तुमचे सोलर ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना, जोडलेले आहे. ग्रिड बंद पडताच त्याचा इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो. तसे झाले नाही तर तुमच्या छतावरची वीज रस्त्यावरच्या तारांत जाईल आणि लाइन बंद समजून काम करणारा लाइनमन मरेल.

लाइट नसतानाही वापरायचे असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा) आणि लिथियम बॅटरी लागते. 51.2 व्होल्ट, 100 एएचच्या बॅटरीत साधारण 5 युनिट साठतात. पंखे, दिवे आणि फ्रिज मिळून एक दिवस-रात्र त्यात आरामात निघते, आणि ऊन असेल तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भरते. पण पूर येतो तेव्हा आभाळही भरलेलेच असते, त्या दिवसांत नेहमीच्या निम्मीसुद्धा वीज मिळेल असे धरू नका. इन्व्हर्टर बदलण्याआधी वीज कंपनीची मंजुरी घ्या. पाणी इन्व्हर्टरपर्यंत येत असेल तर डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच) आधीच बंद करून ठेवा. मात्र पॅनेलकडून आयसोलेटरपर्यंतची वायर उजेड असेपर्यंत जिवंतच असते, हे विसरू नका.

सहाव्या मजल्यावर राहतो. पेट्रोलचा छोटा जनरेटर बाल्कनीत ठेवला तर चालेल ना? (अकोटा)

नाही. बाल्कनीत, जिन्यात, बंद पार्किंगमध्ये, कुठेच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. जनरेटर उघड्यावर, खिडक्यांपासून किमान 20 फूट लांब हवा आणि चेंजओव्हर स्विचमधूनच (एका वेळी ग्रिड किंवा जनरेटर, एकाचीच वीज घरात घेणारा स्विच) जोडायला हवा. दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर करून तो भिंतीच्या प्लगमध्ये खुपसणारे महाभाग आहेत. ती वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमध्ये जाऊन 11,000 व्होल्ट होऊन बाहेर पडते. सोसायटीने मिळून एक जनरेटर घ्यावा आणि तो पाण्याच्या पंपाला आणि एका लिफ्टला द्यावा, हे बरे.

वडिलांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारे यंत्र) लागतो, आईला इन्सुलिन. लाइट गेली तर काय करावे? (कारेलीबाग)

पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर 300 ते 350 वॉट खातो. 150ची चांगली बॅटरी त्याला तीन तास पुरेल, त्याहून जास्त नाही. म्हणून घरात भरलेला बी टाइप सिलिंडर, रेग्युलेटर आणि पाना हवाच. त्यात साधारण 1500 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला 2 लिटर प्रवाह असेल तर बारा तास जातात. दोन सिलिंडर ठेवा आणि नदी 20 फुटांच्या वर गेली की वडिलांना उंचावरच्या नातेवाइकांकडे हलवा. पूर भरल्यावर रुग्णवाहिका गल्लीत येत नाही.

चालू असलेले इन्सुलिनचे पेन बहुतेक वेळा 30 अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकते, पण पाकिटावरची सूचना पाहून घ्या. न उघडलेले फ्रिजमध्येच राहू द्या. दार बंद ठेवले तर फ्रिज चारेक तास थंड राहतो. पुढे ते कोरड्या डब्यात घालून डबा माठाच्या पाण्यात बुडवून ठेवा. बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेले इन्सुलिन फेकावेच लागते.

चार माणसांना तीन दिवस पुरेल एवढे काय भरावे? (वाडी)

पिण्या-स्वयंपाकाचे पाणी माणशी रोज 4 लिटर, म्हणजे जवळजवळ 50 लिटर. ते झाकणाच्या कळशा आणि कॅनमध्ये भरा. लाइट नाही म्हणजे पंप नाही, त्यामुळे वरची टाकी इशारा येताच काठोकाठ भरून घ्या. जमिनीखालच्या टाकीत पुराचे पाणी शिरले तर ती उपसून, धुऊन, क्लोरीन टाकेपर्यंत तिचे पाणी तोंडात घालू नका. शंका असेल ते पाणी खळखळून एक मिनिट उकळा.

पाइपचा गॅस पुरात बंद होऊ शकतो, म्हणून पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि कोरडी काडेपेटी. शिजवायला कमी लागेल असे खाणे: दोन किलो पोहे, एक किलो सातूचे पीठ, खाखऱ्याची पाकिटे, शेंगदाणे, गूळ, दूध पावडर, तिखट-मीठ-लसणाची सुकी चटणी. 20,000 एमएएचची पॉवर बँक फोन साधारण तीनदा भरते, सहा वेळा नाही. टॉवर बंद असतील तर फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर नेटवर्क शोधता शोधताच तो उतरतो.

पाणी ओसरले, शेजारी लाइट आली. आपला मेन चढवू का? (फतेगंज)

प्लग किंवा वायरिंग भिजले असेल तर मिस्त्रीने मेगर (वायरीतून करंट गळतो का ते तपासणारे यंत्र) लावून तपासेपर्यंत नाही. मीटरच्या पेटीत पाणी गेले असेल तर सील तोडू नका, वीज कंपनीत तक्रार नोंदवा. तपासणीनंतर आधी सगळे एमसीबी पाडून मेन चढवा, मग एकेक एमसीबी. आरसीसीबी उडाला तर तो पुन्हा पुन्हा चढवू नका, ज्या लाइनवर उडाला ती बंदच ठेवा. बुडालेला फ्रिज, धुण्याचे यंत्र आणि पंपाची मोटर नुसती उन्हात ठेवून भागत नाही. ती उघडून, आतला गाळ धुऊन, पूर्ण वाळवून मगच जोडायची.