पाकिटाची जाहिरात आणि पोत्यांचे गिऱ्हाईक

प्रश्न : आम्ही समुद्रपूर तालुक्यात (जि. वर्धा) वायगाव हळद दळून एक किलोच्या पाकिटांत विकतो. नागपूरला नोकरीला असलेल्या पुतण्याच्या सांगण्यावरून, व्यावसायिक ओळखी जोडणाऱ्या एका संकेतस्थळावर पितळी तबकातल्या हळदीचे छायाचित्र देऊन महिनाभर जाहिरात चालवली. बारा हजार रुपये गेले, १४० क्लिक पडल्या आणि फोन आले दोन. तेही पॅकिंग मशीन विकणाऱ्यांचे. अशा जाहिरातींचा खरोखर उपयोग होतो का?
– एक कास्तकार

उत्तर : होतो, परंतु आपण जे विकायला काढले आणि ज्यांच्यापुढे मांडले, त्यांचा मेळ बसलेला नाही. आपल्याला एक क्लिक सुमारे ८६ रुपयांना पडली. किलोच्या पाकिटामागे एवढे सुटत नसतील, तर क्लिक करणाऱ्या प्रत्येकाने एकेक पाकीट घेतले असते तरी तोटाच झाला असता. लिंक्डइनसारख्या ठिकाणी जाहिरातीची जागा लिलावाने मिळते आणि आपल्यासमोर बोली लावायला सॉफ्टवेअर कंपन्या नि महागडे अभ्यासक्रम चालवणारे बसलेले असतात. एका गिऱ्हाइकामागे ज्यांना लाखभर रुपये मिळतात, त्यांना हा भाव जड जात नाही.

या संकेतस्थळांचे बळ निराळे आहे. हुद्दा, उद्योग, कंपनीचा आकार आणि शहर ठरवून तिथे जाहिरात दाखवता येते, कारण ही माहिती सभासदांनी स्वतःच भरलेली असते. घरच्या वरणासाठी हळद घेणारा तिथे ती शोधायला जात नाही. मसाला कंपनीचा किंवा आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्याचा खरेदी अधिकारी मात्र तिथे सापडतो, आणि त्याला पाकीट नको, पोती हवी असतात. वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिची ख्याती कुरकुमीनच्या (हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाच्या) प्रमाणासाठी आहे. तेव्हा तबकाच्या जागी प्रयोगशाळेच्या अहवालातला कुरकुमीनचा आकडा आणि एकाच प्रतीचा माल किती क्विंटल देता येईल, हे ठळकपणे लिहावे. (तबक सुंदर असेलही, पण ते दिवाळी अंकात शोभते.)

पुतण्याला जाहिरातीच्या सेटिंगमधल्या, चौकटीत आधीच केलेल्या दोन खुणा तपासायला सांगा. ठरवलेल्या वर्गाबाहेरच्या मिळत्याजुळत्या लोकांना, तसेच इतर संकेतस्थळांवरही जाहिरात दाखवण्याची मुभा बहुधा आधीच दिलेली असते. ती काढून टाकावी. निवडलेला वर्ग मात्र लिंक्डइनवर किमान ३०० सभासदांचा असावा लागतो.

नमुना, तपासणी, भाव आणि मग ऑर्डर असा हा व्यवहार महिनाभरात उरकत नाही, त्यामुळे तेवढ्यावरून निकाल देऊ नये. माझे मत विचाराल, तर आधी अशा वीस-पंचवीस खरेदी अधिकाऱ्यांना शोधून स्वतःच्या नावाने संदेश पाठवा आणि नमुना देऊ करा. त्याला जवळजवळ खर्च नाही. त्यांच्या उत्तरांतून नेमके काय विचारले जाते ते कळले, म्हणजे जाहिरातीत काय लिहायचे ते सुचेल. पुढे जाहिरात द्याल तेव्हा तिला जोडून चौकशीचा फॉर्म ठेवा आणि त्यात ‘वर्षाला किती क्विंटल हळद लागते?’ एवढा एक प्रश्न घाला; मशीनवाले बहुतेक तिथेच गळतील.